जिताड्याच्या डोक्याचं अळणी, भाज्या घालून

माझं माहेर कराडकडचं. आमच्याकडे रविवार म्हणजे मटण, आणि मटण म्हणजे आधी अळणी. मसाला पडायच्या आत काढून ठेवलेलं ते हळद-मिठाचं, आलं-लसणाचं गरम पाणी पोरांना वाटीभर मिळायचं, आजारी माणसाला दोन वाट्या. लग्न होऊन अलिबागच्या खारेपाटात आले तेव्हा मला मटण झोपेतही करता आलं असतं, पण माशाला हात लावायची भीती वाटायची.

इथे घरामागे तळं असतं आणि तळ्यात जिताडा असतो. भरतीचं खारं पाणी शेतात येऊ नये म्हणून बांध घातलेले, त्यांना पाणी सोडायला उघाड्या. पावसाळ्यात खाडीतली जिताड्याची पिल्लं धरून आणायची आणि तळ्यात सोडायची. ती तळ्यातले बारके मासे खाऊन वाढतात. लग्नाच्या पहिल्या वर्षी सासऱ्यांनी असाच तीन किलोचा जिताडा काढला. तुकड्यांचं तिखट कालवण सासूबाईंनी केलं आणि "डोक्याचा काय ता तू कर" म्हणून त्या शेजारी गेल्या. मी म्हटलं, हाडंच आहेत, म्हणजे पाया. आमच्याकडे पाया रात्रभर चुलीवर असतो. मी बिचारी दोनच तास उकळलं.

पातेल्यात जे तयार झालं ते करडं, चिकट आणि कडसर होतं. वास सुताराच्या सरसाचा. सासूबाईंनी झाकण उचललं, परत ठेवलं आणि म्हणाल्या, "आगो, म्हावरा हाय त्यो, मटान नाय!"

अख्खी कृती या एका वाक्यात बसते, बाकी सगळा तपशील. माशाची हाडं कोवळी. त्यांतला चिकटपणा, म्हणजे जो पाण्याला अंग देतो तो, मंद आचेवर वीस-पंचवीस मिनिटांत सुटतो. बकऱ्याच्या हाडांना तेवढ्यासाठी तास लागतात. पंचवीस मिनिटांपुढे माशाची हाडं नुसती कडूपणा सोडत बसतात. म्हणून हाडं दोन तास उकळायचं काम नाहीच, साफसफाई धरून सगळं अळणी पावणेदोन तासांत ताटात येतं. आता कराडहून भाऊ आला की मटण मागत नाही, हेच मागतो.

डोकं कुणाचं

जिताडा मिळाला तर उत्तमच. नाहीतर रावस किंवा घोळ, दोन्हींची डोकी मोठी, मांसल, आणि पाणी गोड होतं. घाटावरच्यांनी कटल्याचं डोकं घ्यावं, नदीच्या माशांत त्याच्याइतकं भरलेलं डोकं मला दुसरं माहीत नाही. बांगडा, तारली नको. चवीला माझे दोघेही लाडके, पण ते तेलकट, त्यांचं पाणी उग्र होतं. सुरमईचं डोकं तिखटात घाला. पापलेटचं अळणी करणाऱ्याकडे पैसे जास्त झालेत असं समजावं. आणि ते पांढरे, बिनकाट्याचे, बर्फातले तुकडे मिळतात त्यांचं अळणी होत नाही, कारण हाडच नाही तर पाण्यात उतरणार काय?

तीन किलोच्या माशाचं डोकं साधारण सहाशे-सातशे ग्रॅम भरतं. पाच-सहा माणसांना तेवढं, शेपटीकडचं हाड, आणि वरून अर्धा किलो तुकड्या पुरतात. तुकड्या बोटाच्या एका पेराएवढ्या जाड हव्यात. पातळ तुकडी शिजताना फुटते.

कोळणीकडे उभं राहिलात की डोळा बघा, फुगलेला आणि स्वच्छ हवा. मग कल्ला उचलून बघा, लाल हवा. तपकिरी असेल तर पुढच्या पाटीकडे सरका. बोटाने दाबल्यावर खड्डा राहिला तर मासा शिळा. डोकं तिच्याकडूनच कोयत्याने उभं दोन फाकांत करून घ्या. घरच्या सुरीने ते होत नाही. मी एकदा हट्टाने करायला गेले, सुरीचं टोक गेलं आणि डोकं तसंच.

१ जून ते ३१ जुलै समुद्रातली यांत्रिक मासेमारी बंद असते. त्या दिवसांत बाजारात जे "ताजं" म्हणून मिळतं ते जरा जपून घ्या. आमचं खारेपाटाचं बरं आहे, तळ्याला बंदी नाही. बाहेर पाऊस कोसळत असताना हे अळणी प्यायला जी मजा आहे ती मे महिन्यात नाही.

साफसफाई, आणि इथे घाई नको

सगळ्यात आधी कल्ले. कोळणीने काढले असतील तरी बघा, एखादी लाल झालर आत चिकटून राहिलेली असते. कल्ले राहिले तर पाणी कडू होणारच, मग तुम्ही काहीही घाला. त्यानंतर डोक्याच्या मागे मणक्याला चिकटलेली काळसर रक्ताची रेघ असते, ती चमच्याच्या टोकाने खरवडून काढा. वाहत्या पाण्याखाली अंगठ्याने घासा. गालांवर, जबड्याखाली खवले राहतात ते उलट्या सुरीने काढा. पाणी स्वच्छ यायला लागेपर्यंत धुवा, पण मासा पाण्यात भिजवून ठेवू नका, चव पाण्यात जाते.

तळ्यातल्या माशाला कधीकधी मातीचा वास असतो. चिखलाचा, पहिल्या पावसासारखा. पावसाचा तो वास छान वाटतो, माशाचा नाही. त्यावर उपाय आंबटाचा. डोकं आणि तुकड्यांना एक चमचा मीठ, पाव चमचा हळद आणि दोन चमचे कोकमाचं आगळ (मीठ घातलेला आंबट रस) चोळून पंधरा मिनिटं ठेवा, मग डोकं धुऊन घ्या. तुकड्या नुसत्या निथळा. आगळ नसेल तर एका लिंबाचा रस. माशाचा 'माशेला' वासही आंबटाने कमी होतो, त्यामुळे समुद्राचा मासा असला तरी मी हे चुकवत नाही.

पंधरा मिनिटं मासा मुरतो तोवर भाज्या चिरून होतात.

भाज्या कोणत्या

इकडे माशात भाजी घालायचं कुणाला नवल नाही. मुळा-कोळंबी, सुकट-वांगं, शेवगा घालून सोडे, घरोघरी चालतं. पण कालवणात जे खपतं ते अळण्यात खपत नाही, कारण इथे मसाल्याचं पांघरूण नाही. वांगं पाणी काळं करतं. भेंडी तार सोडते. कोबी आणि फ्लॉवर उकळले की त्यांचाच वास घरभर, मासा बाजूला. म्हणून माझ्या पातेल्यात जातं ते एवढंच:

शेवग्याच्या दोन शेंगा, बोटभर लांब तुकडे करून. दोन मध्यम बटाटे, मोठ्या फोडी. पाव किलो कोवळा दुधी. एक गाजर, खरं तर रंगासाठी, आणि नात आवडीने खाते म्हणून. दोन लाल टोमॅटो. थंडीत एखादा छोटा मुळा, चकत्या करून. मूठभर तांदळाच्या कण्या, धुऊन भिजत घातलेल्या. शेवग्याचा कोवळा पाला मिळाला तर ओंजळभर.

कांदे पांढरे, तीन मोठे. अलिबागच्या पांढऱ्या कांद्याला २०२२ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. त्याच्या आधीही आम्ही तोच खात होतो, फक्त आता माळेचा भाव विचारताना छाती धडधडते. तो गोड आणि कमी तिखट असतो, अळण्यात विरघळून जातो आणि पाण्याचा रंग बिघडवत नाही. लाल कांद्यानेही काम भागतं, पाणी जरा मळकट दिसेल इतकंच.

याशिवाय लसणाच्या पंधरा पाकळ्या, इंचभर आलं, दहा-बारा मिरी, दोन हिरव्या मिरच्या मधोमध चिरलेल्या, एक जुडी कोथिंबीर (देठं वेगळी, पानं वेगळी), खोबरेल नाहीतर साधं तेल दोन चमचे. गरम मसाला नाही, आगरी मसाला तर नाहीच. माझ्या जाऊबाई दरवेळी डब्याकडे हात नेतात आणि दरवेळी मी डबा सरकवते.

पाणी काढायचं

पातेलं स्टीलचं किंवा कल्हईचं घ्या. ॲल्युमिनियमचं नको, पुढे आगळ पडणार आहे. कुकर तर अजिबात नको. कुकरमध्ये फेस काढता येत नाही आणि शिट्टीच्या दाबाने डोक्याचा लगदा होऊन पाणी गढूळ होतं.

डोक्याच्या फाका, शेपटीचं हाड, एक कांदा चार फोडी करून, आल्याचे काप, निम्मा लसूण, मिरी आणि कोथिंबिरीची देठं पातेल्यात घाला. वर दोन लिटर गार पाणी. गारच. गरम पाण्यात डोकं टाकलं तर घाण आतल्या आत गोठते आणि पाणी ढवळट राहतं. गार पाण्यापासून हळूहळू तापलं की ती फेस होऊन वर येते आणि डावाने काढून टाकता येते.

गॅस मध्यम. पाणी तापायला लागलं की कडेने करडा फेस जमतो. पातेल्याजवळ उभ्या राहा, फोन ठेवा बाजूला. फेस तीन-चारदा काढावा लागतो. पहिला करडा, मग पांढरा, मग येतच नाही. फेस थांबला की गॅस अगदी बारीक करा. पाणी खळखळता कामा नये, इकडून एक, तिकडून एक बुडबुडा यावा, म्हातारी माणसं अंगणात बसून बोलतात तसं. झाकण ठेवू नका, चमचा घालून ढवळू नका. इथून घड्याळ लावा, पंचवीस मिनिटं.

गॅस बंद केल्यावर पाच मिनिटं थांबा, मग पाणी बारीक चाळणीतून दुसऱ्या पातेल्यात गाळा. लहान मुलं खाणार असतील तर चाळणीवर ओलं सुती फडकंही घाला, म्हणजे एकही बारीक काटा खाली जाणार नाही. तळाशी बसलेलं शेवटचं वाटीभर पाणी सोडून द्या, त्यात वाळू असते.

डोकं ताटलीत काढून गार होऊ द्या आणि मग बोटांनीच मांस सोडवा. चमच्याने काटे कळत नाहीत. दोन्ही गालांत बदामाएवढे दोन गोळे मिळतात. अख्ख्या माशात तेवढं मऊ मांस दुसरं नाही. सासूबाई ते गुपचूप नातवंडांच्या वाटीत टाकायच्या आणि बाकीच्यांना म्हणायच्या, डोक्यात काय असतंय? कपाळावरचं, मानेमागचं मांसही काढा. पाऊण वाटी तरी निघतं.

भाज्या एकामागून एक

रिकाम्या पातेल्यात तेल तापवा, उरलेले दोन कांदे उभे चिरून परता. लाल करायचे नाहीत, पारदर्शक झाले की बस. मिरच्या टाका, त्यावर गाळलेलं पाणी ओता. साधारण पावणेदोन लिटर उरलेलं असतं.

पाणी उकळलं की बटाटा, शेवगा, गाजर, मुळा आणि कण्या एकदम. एक चमचा मीठ, जास्त नको, कारण आगळ खारट असतं. कण्या तळाला धरतात, म्हणून दोनतीनदा तळापासून ढवळा. ढवळायचं ते आत्ताच. आठ-दहा मिनिटांनी दुधी. आणखी सहा-सात मिनिटांनी बटाट्याच्या फोडीत सुरीचं टोक घाला. अलगद गेलं पाहिजे.

आणि ते अलगद जाईपर्यंत टोमॅटो आणि आगळ घालायचं नाही. हे मी एका गणपतीनंतरच्या जेवणात शिकले. विसर्जन झालेलं, घरात चौदा माणसं, महिनाभराने मासा खायला उतावीळ. मी घाईघाईत आगळ आणि टोमॅटो बटाट्याबरोबरच टाकले. वीस मिनिटं झाली, पंचवीस झाली, बटाटा टणकच. आंबटात बटाटा शिजतच नाही, शिजला तरी भलता वेळ घेतो. मला वाटलं तोवर मासा तरी टाकून घेऊ. बटाटा मऊ झाला तेव्हा तुकड्यांचा कापूस झाला होता. चौदाच्या चौदा जणांनी निमूट खाल्लं. कुणी काही बोललं असतं तर बरं वाटलं असतं.

तर बटाटा शिजला की दोन फोडी बाहेर काढून वाटीत कुस्करा आणि पाण्यात परत सोडा. कण्या आणि हा बटाटा मिळून अळण्याला दाटपणा देतात. कॉर्नफ्लॉवर लागत नाही. मग टोमॅटोच्या फोडी, दोन मिनिटं.

कुणी विचारतं, नारळाचं दूध घालू का? घाला, छान लागतं, पण मग ते अळणी राहत नाही. घालायचंच तर वाटीभर घट्ट दूध सगळ्यात शेवटी, गॅस बंद केल्यावर, नाहीतर फुटतं.

मासा सगळ्यात शेवटी

आता ताटं मांडा, माणसांना हाका मारा, आणि मगच तुकड्या सोडा. गॅस मंद. तुकड्या एकीवर एक न टाकता पसरून ठेवा. तीन ते चार मिनिटं, घड्याळ बघून. तुकडीचा पारदर्शकपणा गेला, ती पांढरी झाली आणि कडेने पाकळ्या सुटायला लागल्या की झालं. आत किंचित कच्ची वाटली तरी गॅस बंद करा, गरम पाण्यात ती शिजतच असते. या टप्प्यावर चमचा घालायचा नाही. पातेलं दोन्ही कानांना धरून गोल हलवायचं. कोकणातली कुठलीही बाई माशाचं पातेलं असंच हलवते, मला ते जमायला दोन वर्षं लागली. पहिल्या वर्षी गॅसवरच निम्मं सांडायचं.

मग डोक्याचं सोडवलेलं मांस, शेवग्याचा पाला, तीन चमचे आगळ. आगळाने पाल्याचा हिरवा रंग जरा उतरतो, जाऊ दे. आगळाऐवजी पाच-सहा आमसुलं घालायची तर ती तुकड्यांच्या आधी, टोमॅटोबरोबर घाला, त्यांना सुटायला वेळ लागतो. आता चव बघा आणि हवं तर मीठ घाला.

शेवटी कढल्यात चमचाभर तेल, उरलेला लसूण ठेचून, बदामी होईपर्यंत. ती चुरचुरती फोडणी पातेल्यावर ओतायची आणि ताबडतोब झाकण. पाच मिनिटं. वाढताना कोथिंबिरीची पानं आणि ताजी कुटलेली मिरी. मिरी जरा सढळ हाताने, तिखटाचा सगळा भार तिच्यावरच आहे.

बरोबर तांदळाची भाकरी. कराडचा भाऊ ज्वारीची मागतो, त्याला ती मिळते. भात मात्र नको, कण्या आत आहेतच. शेवग्याच्या शेंगा चोखायला बाजूला एक रिकामी ताटली ठेवा आणि काटे त्याच ताटलीत टाकायला सांगा.

उरलं तर

तिखट कालवण दुसऱ्या दिवशी मुरून जास्त चांगलं लागतं, अळणी लागत नाही. तुकड्या पाण्यात राहिल्या की कोरड्या, खडूसारख्या होतात. त्यामुळे उरणार असं दिसलं तर तुकड्या काढून वेगळ्या डब्यात ठेवा. नुसतं पाणी फ्रीजमध्ये ठेवलंत तर सकाळी ते खरवसासारखं थरथरतं. घाबरू नका, बिघडलेलं नाही. डोक्यातला चिकटपणा पाण्यात नीट उतरला की ते तसं गोठतं. माझं पहिलं दोन तासांचं पाणीही गोठलं होतं म्हणा, पण ते तोंडात धरवत नव्हतं. गरम करताना मंद आचेवर, आणि दुसऱ्या दिवशी संपवून टाका.

एकट्या माणसाने दर वेळी एवढा घाट घालू नये. डोक्याचं पाणी एकदाच काढून, गाळून, डब्यांत भरून फ्रीझरमध्ये टाकावं, महिनाभर सहज राहतं. मग संध्याकाळी फक्त भाज्या आणि दोन तुकड्या. मुलगा ठाण्याला एकटा राहतो, त्याच्यासाठी मी असे चार डबे गोठवून देते. वडखळच्या ट्रॅफिकमध्ये ते निम्मे वितळतात, म्हणून आता वर्तमानपत्राच्या चार घड्यांत गुंडाळते.

चोथा आणि हाडं कचऱ्यात टाकू नका. माडाच्या बुंध्यापासून हातभर लांब, दीड फूट खोल खड्डा घेऊन पुरा. कमी खोल पुरलंत तर रात्री कुत्री उकरतात आणि सकाळी शेजारीण तुमच्या अंगणात काय पडलंय ते सांगायला येते.